गोठ्याकडचं हाड

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल! खोलीतल्या बाकीच्या तिघीजणी खाली मेसमध्ये जेवायला गेल्यात. मी मुद्दाम गेले नाही, कारण तोंडात घास असला की बोलता येत नाही, आणि मला काल संध्याकाळपासून, म्हणजे आत्याच्या सासरी कोळवणला जाऊन परत आल्यापासून, बोलल्याशिवाय चैनच नाही. तर सरळ सांगूनच टाकते: माणसाच्या अंगातली हाडं माझ्या आत्याच्या सासऱ्यांना जितकी कळतात, तितकी ती घडवणाऱ्यालासुद्धा कळत नसतील. त्यानं ती एकदा घडवली आणि मोकळा झाला. पुढं माणसं झाडावरून, बैलगाडीवरून, गवताच्या गंजीवरून पडत राहिली, ती निस्तरली आत्याच्या सासऱ्यांनी.

घरात त्यांना मामंजी म्हणतात, गावात हाडवाले बाबा, आणि मी म्हणते आजोबा. शाळा त्यांनी फक्त बाहेरून बघितलीय. अंगानं काटकुळे, मिशा पांढऱ्या, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही. आधी खांद्याकडे बघणार, मग कोपराकडे, मग गुडघ्याकडे. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नाहीत. एकदा पौडच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होते. फेटा बांधलेला, चांगला वजनदार दिसणारा एक माणूस आला आणि वाकून पाया पडला. आजोबा आपले बघतायत, ओळख काही पटेना. मग त्यांनी त्याचं कोपर धरलं, वाकवून बघितलं, सरळ करून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"अरं तू व्हय! जांभळावरनं पडलेला!"

"बाबा, त्याला वीस वर्सं झाली. आता सरपंच झालोय मी."

"आसशील की. पन कोपर पुरं सरळ हुतंय का न्हाई?"

सरपंचांनी भर बाजारात हात सरळ करून दाखवला, तेव्हा कुठं सुटका झाली.

जांभळाचं नाव निघालंच आहे तर सांगते. शेतकरी जसा भाताच्या लोंब्यांकडे बघतो तसे आजोबा झाडांकडे बघतात. जांभळाचं लाकूड ठिसूळ, पाय दिला की फांदी कडकन मोडते. उन्हाळ्याच्या शेवटी ते ओट्यावर उभे राहून ओढ्याकाठच्या जांभळांवरून नजर फिरवणार आणि आत्याला सांगणार, "औंदा लई लागलीत गं. धा-बारा मनगटं तरी येत्यात बघ." आणि लगेच जीभ चावणार, गालावर चापट्या मारून घेणार. पण डोळ्यांतली चमक काही लपत नाही! वाईट माणूस नाही हो तो, अजिबात नाही. नुसतं प्रेम. हाडांवरचं.

आत्याला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. आजीनं पोहे केले होते, आत्याला शिवण आणि रांगोळीबद्दल काय उत्तरं द्यायची ते पढवून ठेवलं होतं. आजोबांनी पोहे खाल्ले, हात धुतला आणि म्हणाले, "पोरी, उकिडवी बस. आता हात न टेकता उठ." आजी दाराआडून नुसती धुमसत होती. आत्या बसली, उठली. "परत." परत बसली, उठली. गुडघा वाजला नाही, खुबा अडला नाही. "पसंत," आजोबा म्हणाले, "ह्या पोरीचा खुबा म्हंजी उखळात बसलेलं गुळगुळीत मुसळ हाय." आत्या म्हणते, एवढं कौतुक पुढं नवऱ्यानंही कधी केलं नाही.

जेवायला बसले तरी तेच. एका जत्रेत मटणाच्या पंगतीत त्यांनी ताटातली हाडं शांतपणे ओळीनं मांडली आणि यजमानाला हाक मारली, "पाटील, तुमी एकच बकरं कापलं म्हनलात. मंग ह्यो खुबा थोरल्या बोकडाचा आन् ही नडगी करडाची कशी?" पाटील वाढप्यांवर ओरडत चुलीकडे निघून गेले. तेव्हापासून त्यांना आमंत्रण असतं, पण नुसता रस्सा वाढतात.

आणि त्यांची हाडं बसवायची पद्धत! गेल्या वर्षी मी स्वतः बघितलीय. एक दणकट माणूस आला, खांदा निखळलेला, हात लोंबतोय, तोंड पांढरंफटक. आजोबांनी त्याला पडवीतल्या फळीवर आडवा केला, काखेत आपली टाच टेकवली, हाताला हळूच ताण दिला आणि गप्पा सुरू केल्या. "तुजा भाऊ म्हनं बांध कोरतोय?"

"कोरतोय? हातभर आत आलाय बाबा!"

"मी तर ऐकलं, तूच कोरतोस."

"कोन म्हनलं? कुन्या भाड्यानं..." आणि तो रागानं अर्धा उठला, त्याच क्षणी कट्ट! असा आवाज आला आणि हात जागेवर. तो अजून भावाला शिव्याच देतोय. आजोबा म्हणाले, "दे, दे. आता त्याच हातानं बांध दाखवून दे." मला नंतर सांगितलं, की माणूस घाबरला की मांस दगडासारखं होतं आणि हाडाला घरी जायची वाट देत नाही. राग आला की घाबरणं विसरतो. म्हणून खोऱ्यातली सगळी भांडणं आजोबांना पाठ असतात. पण त्यांची एक हद्द होती, ती त्यांनी कधी ओलांडली नाही. हाड कातडी फोडून बाहेर आलं, किंवा म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला, की हातही लावायचा नाही. "हे माजं काम न्हाई. पुण्याला न्या," म्हणून स्वतः गाडी जुंपायला लावायचे.

फी म्हणाल तर एकच. बांबूच्या कामट्या आणि कापडाच्या पट्ट्या सुटल्या, की बऱ्या झालेल्या हातानं भरलेला तांब्या उचलायचा आणि आजोबांच्या ओंजळीत पाणी घालायचं. ते ओंजळीनं पितात आणि डोळे धारेवर. धार थरथरली तर हात अजून कच्चा, आठ दिवसांनी परत या. धार सरळ पडली की ओंजळ संपवून म्हणणार, "जा. बसलं." पाय मोडलेला असेल तर त्यानं विहिरीवरून घागर घेऊन चालत यायचं आणि मग पाणी घालायचं. बाकी काही आणलं तर घेत नाहीत. हे पाणी लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहे.

अजून एक राहिलंच, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं! आजोबा डावा-उजवा म्हणत नाहीत. त्यांच्या पडवीत एक लाकडी फळी आहे, आडवी टाकलेली. येणारा प्रत्येक माणूस त्याच फळीवर, समोरच्या डोंगराकडे तोंड करून बसतो. त्याच्या उजव्या हाताला गोठा, डाव्या हाताला घराचं दार. झालं. त्यामुळे जगातल्या सगळ्या माणसांचे हात-पाय दोनच प्रकारचे, गोठ्याकडचे आणि दाराकडचे. बाजारातसुद्धा विचारतात, "तुजा दाराकडचा घोटा कसा हाय?" आणि ज्याचा घोटा त्याला बरोबर कळतं!

आता माझी भानगड. मी डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सहामाहीत हाडांतच नापास झाले. चांगली पाठ केली होती हो! पण तोंडी परीक्षेत सरांनी हातात हाड दिलं की माझं डोकं रिकामं. त्यात बाबांनी जाहीर करून टाकलं, "दिवाळीनंतरच्या फेरपरीक्षेत पुन्हा हाडं अडली तर कॉलेज बंद. सोलापूरचं स्थळ थांबलंय." बाबा ओरडून बोलले असते तर मी भांडले असते. पण ते पेपर वाचता वाचता बोलले, म्हणजे ठरलेलं होतं. मी तीन दिवस रडले, मग सीनियरकडून हाडांचं पोतं उसनं घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत कोळवण गाठलं.

पोतं घेऊन एस.टी.त बसणं म्हणजे काय असतं ते मला विचारा! माझ्या पायाशी पोतं, आणि कासार आंबोलीला चढलेल्या एका बाई जागा नाही म्हणून सरळ त्यावरच बसल्या. "काय गं टोचतंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "ऊस आहे." पौडपर्यंत त्या एका माणसाच्या मांडीच्या हाडांवर बसून मला सुनेच्या तक्रारी सांगत होत्या.

पोतं उघडल्यावर आत्या किंचाळली. "ह्ये घरात आनायचं न्हाई हां! दिवाळीच्या दिवसांत! भाईर ठिव आदी!" आवाज ऐकून आजोबा आले. मला वाटलं, आता विचारतील हे काय आहे. त्यांनी विचारलं, "कोन हाय?"

मी म्हटलं, "माहीत नाही, आजोबा."

"नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई, आन् पोत्यात घालून आनलंस?" त्यांनी फळी झटकून घेतली, वर धुतलेलं धोतर अंथरलं आणि एकेक हाड त्यावर मांडलं, डोंगराकडे पाय, गोठ्याकडचं गोठ्याकडे, दाराकडचं दाराकडे. मांडताना प्रत्येक हाड गालावरून फिरवत होते. बोटांनी नाही, गालानं! मी मनात म्हटलं, काय हा नमुना! मग डोळे मिटून म्हणाले, "ही टाच ह्याची न्हाई. दुसऱ्या कुनाची तरी हाय." मग नडगीच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या वर पुढच्या बाजूला, गाल लावून बराच वेळ थांबले. "हितं बघ. पैशाएवढी गुळगुळीत जागा झालीय. जलमभर उकिडवं बसल्याबिगर न्हाई हुत. घोटा पुढं दाबून दाबून हाडानं आपल्यासाठी जागा करून घेतली. खुर्चीवर बसनारं न्हवं हे मानूस, पोरी. आपल्यातलंच हाय." आणि मग त्या धोतरावरच्या माणसाला म्हणाले, "ऱ्हावा आता दिवाळीभर." आत्यानं डोक्याला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी फराळाची एक बशी फळीपाशी ठेवलेली मी बघितली. कुणी ठेवली ते कुणीच कबूल केलं नाही.

पंधरा दिवस रोज सकाळी अभ्यास. माझे डोळे फडक्यानं बांधायचे आणि मांडीवर एक हाड टाकायचं. "बोल." मी लॅटिन नावं घडाघडा सुरू केली की म्हणायचे, "त्याचं नाव नगं. काम सांग." मला काम माहीतच नसायचं! मग ते सांगायचे. मानेचे वरचे दोन मणके म्हणजे जातं. खालच्याला खुंटा, वरचा त्याभोवती फिरतो, म्हणून तर तू 'न्हाई' म्हणून मान हलवू शकतेस. कोपर म्हणजे दाराची बिजागरी, एकाच अंगानं उघडतं. खांद्याची वाटी उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच निखळतोही. खुब्याची वाटी खोल, फिरणं कमी पण भार पेलतो. "जास्त फिरनारं जास्त निखळतं, मानसाचं बी तसंच." मनगटातले आठ खडे म्हणजे ओढ्यातले गोटे, एकमेकांवर सरकतात. सांध्यात वंगण असतं, पण गाडीच्या चाकासारखं बाहेरून घालावं लागत नाही, हलवत राहिलं की आतलंच पुरतं. आणि मांडीचं हाड आतून पोकळ का? "बांबू का पोकळ आस्तो? हलकं बी पायजे, ताठ बी पायजे." एका ओळीत! आमच्या पुस्तकात त्याला अख्खं पान लागलंय!

मधूनच एखादा पडलेला माणूस यायचा, की मला हाक. "पोरी, तू दाब. सावकाश. काय लागतंय?" मी घाबरत मोडलेल्या हाडावरून अंगठा फिरवायचे. "पायरी लागतेय, आजोबा."

"केवडी?"

"भाताच्या दाण्याएवढी."

मग ते त्याच्या हाताला बांधलेल्या कापडाचा फास आपल्या मनगटात अडकवून ताण द्यायचे, "आता?"

"अर्धा दाणा."

"आता?"

"गेली! पायरी गेली!" आणि पट्टी आत्या बांधायची. मी हवेत! मला वाटायचं, मी इतकी हुशार आहे की आजोबांनी मला आपली शिष्य केलंय.

परीक्षेच्या दिवशी सरांनी नेमकी नडगी हातात दिली. पोत्यातली नाही, कॉलेजची, पण तसलीच टिबिया! "कुठल्या बाजूची?" माझं डोकं रिकामं, नेहमीसारखं. पण हात रिकामे नव्हते. मी डोळे मिटले. तरी जमेना, कारण फळी कुठं, डोंगर कुठं! म्हणून उठून स्टूल फिरवलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. सर म्हणाले, "काय चाललंय?" आणि माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "गोठ्याकडची!"

सर पुढं वाकले. "काय?"

"उजवी, सर. उजवी." मग मी जी सुटले! नाव नाही, काम. भार कुठून येतो, कुठं जातो, घोट्याची खोबण कशी होते, सगळं. सरांनी पेन्सिलीच्या टोकानं खालच्या कडेवर एक जागा दाखवली. तशीच, गुळगुळीत, पैशाएवढी. "आणि हे?"

"सर, हा माणूस उकिडवा बसायचा. आपल्यातलाच आहे."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "हे कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही, सर."

"हं. जा. आणि तो गोठा कुठं आहे ते मला एकदा सांगा."

पास! चांगली पास! बाबा पेपर खाली ठेवून हसले, सोलापूरला नकाराचं पत्र गेलं, आणि काल रविवारी मी पहिल्या एस.टी.नं कोळवणला. गाडीरस्त्यावरूनच ओरडत गेले. आजोबा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकलं, मी 'गोठ्याकडची' म्हणाले तिथं तर मिशीत इतकं हसले, की खोकला आला. मग म्हणाले, "मंग? फी कुटाय?"

आत्यानं तांब्या दिला. मी ओट्याखाली उभी राहिले, आजोबांनी ओंजळ पुढं केली, आणि मी पाणी घातलं. हात जराही हलू दिला नाही. धार अशी सरळ, दोरीसारखी! पण पाणी ओंजळीत थांबेना. सगळं बोटांच्या फटींतून खाली, त्यांच्या धोतरावर, पायांवर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी तांब्या अजून खाली आणला, धार बारीक केली. तरी तेच.

"तुजी धार बरुबर हाय," आजोबा म्हणाले. "भांडंच गळतंय."

तेव्हा मी त्यांची बोटं पहिल्यांदा बघितली. पहिल्यांदा! पेरापेराला गाठी आल्यात. बोटं जवळ येतच नाहीत, मिटतच नाहीत.

"कधीपासून, आजोबा?"

"भातलावणीपासनं. वाकत बी न्हाईत, आन् टोकांस्नी कळत बी न्हाई. दिवाळीत तू पंधरा दिस हितं हुतीस. पोत्यातली सगळी हाडं बघितलीस, म्हाताऱ्याची ऱ्हायली."

आणि मला सगळं दिसायला लागलं. गालावरून फिरणारं हाड. कापडाचा फास. पट्टी बांधणारी आत्या. तू दाब, काय लागतंय, केवडी, आता? मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मला शिकवत नव्हता?"

"शिकवत बी हुतो, आन् तुज्या अंगठ्यानं बघत बी हुतो. दोनी." मग त्यांनी दोन्ही हात माझ्या पुढं केले आणि स्वतःचे डोळे मिटले. "बोल. काय लागतंय?"

मी एकेक सांधा दाबून बघितला. "गाठी लागतायत, आजोबा."

"कंच्या अंगाच्या?"

"गोठ्याकडच्या पण. दाराकडच्या पण."

"काम सांग त्यांचं."

मला सांगता येईना. अख्ख्या खोऱ्यातले हात माझ्या डोळ्यांपुढं आले, तो सरपंच, ती धार धरून उभी राहिलेली माणसं, आणि मी त्यांची बोटं तशीच धरून राहिले. आजोबांनी एक डोळा उघडला. "बाजू आली, काम न्हाई आलं. नापास."

आत्या हसली आणि पदरानं डोळे पुसले. मी तांब्या तिच्या हातात दिला, आजोबांच्या शेजारी ओट्यावर बसले, आणि माझी ओंजळ त्यांच्या ओंजळीखाली धरली, घट्ट, एक फट न ठेवता. आत्यानं पाणी घातलं. ते वरून गळलं, खाली माझ्या ओंजळीत साठलं, आणि आजोबा मान खाली घालून ते माझ्या हातातून प्याले. सगळं संपवलं. मग म्हणाले, "जा. बसलं."

एस.टी.त मी सगळा रस्ता माझ्या अंगठ्याकडे बघत आले. आता जिन्यावर पोरींचा आवाज येतोय, त्या वर यायच्या आत एवढंच विचारते, आणि खरं खरं सांगा हं: ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांचे हात आपण कधी बघितलेच नाहीत, हे असं तुमचंही कधी झालंय का?